‘वर्कशॉपला नेतो’ म्हणाला आणि आमच्या प्लाझ्मा टीव्हीचा बोर्डच बदलून आला

जुना प्लाझ्मा टीव्ही ज्यांच्या घरात अजून चालू आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण टीव्हीला आतून वीज पुरवणारा बोर्ड, जो बाजारात आता नवा मिळत नाही, तो आम्ही स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या पिशवीत घालून दिला, हे जास्त लागलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१० च्या अखेरीस निवृत्त झाले. फंडाचे पैसे आले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी म्हणून एकच मोठी वस्तू घेतली, ती म्हणजे हा ४२ इंची प्लाझ्मा. वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, फेब्रुवारी २०११ मध्ये. २ एप्रिलला वानखेडेवर धोनीने तो षटकार मारला तेव्हा सहकारनगरच्या आमच्या दोन खोल्यांत पंधरा-सोळा माणसं होती आणि आई सगळ्यांना चहा देत होती. आई आता नाही. त्यामुळे यंदा जूनमध्ये टीव्ही बंद पडला आणि मी ‘आता नवा घेऊन टाकू’ म्हणाले, तेव्हा अण्णा काहीच बोलले नाहीत. आतल्या खोलीतून एक जुनी चादर आणली आणि टीव्हीवर नीट पांघरली. मग मीही नव्याचा विषय काढला नाही.

शिवाय अण्णांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. प्लाझ्माचा काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि वेगात जाणारा चेंडू धूसर होत नाही. प्रत्येक ठिपक्यात निऑन-झेनॉनसारखा वायू असतो, तो विजेने पेटतो आणि ठिपका स्वतः उजळतो, मागून दिवा लावायची गरज नसते. वीज जास्त खातो हे खरं. पण एक्स्चेंजमध्ये दीड-दोन हजार धरून देणार, आणि त्या पैशांत अण्णांचं काय जाणार ते मला दिसत होतं.

बिघाड असा होता. बटण दाबलं की आतून ‘टक्’, दोन सेकंदांनी पुन्हा ‘टक्’, मग पुढचा लाल दिवा लुकलुकायचा आणि सगळं बंद. दहा वेळा प्रयत्न केला की एखाद्या वेळी चित्र यायचं, आणि एकदा आलं की रात्रीपर्यंत व्यवस्थित चालायचं. हे लक्षण नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

अण्णा म्हणाले, “बुधवारातल्या त्या मेकॅनिकला विचारू, त्यानेच मागे दुरुस्त केला होता.” पण त्यांचा नंबर सापडेना, आणि पंचवीस किलोचा टीव्ही रिक्षात घालून बुधवार पेठेच्या गर्दीत न्यायचा या विचारानेच मला नको झालं. मी मोबाईलवर कंपनीचं नाव, ‘सर्व्हिस सेंटर’ आणि ‘पुणे’ एवढं टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरला फोन लावला. चूक इथे झाली. वर आलेली ती जाहिरात होती. कंपनीचं नाव आणि चिन्ह तिथे होतं, पण कंपनीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

एका बाईने अगदी सफाईदार बोलून तक्रार नोंदवली. ‘नोंदणीसाठी फक्त १० रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवते म्हणाली. ती मी उघडली नाही, तेवढं शहाणपण सुचलं. कारण अशा लिंकमधून फोनमध्ये ॲप घुसवून खातं रिकामं करतात हे ऑफिसमधल्या एकीच्या बाबतीत झालेलं मला ठाऊक होतं. मी नको म्हणाले तर ती लगेच तयार झाली, “हरकत नाही, माणूस आला की व्हिजिटचे ४५० द्या.” आणि त्या एका वाक्याने माझा संशय फिटला. तो फिटायला नको होता.

दुसऱ्या दिवशी तिशीतला एक मुलगा आला. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र नाही. बोलायला गोड. “काका, तुम्ही माझ्या वडिलांसारखे, तुम्हाला चुकीचं सांगणार नाही.” टीव्ही त्याने पलंगावर काचेच्या बाजूने उपडा घातला. प्लाझ्माची काच मोठी, पातळ आणि जड असते, तो शक्यतो उभाच ठेवायचा असतो. हे मला नंतर कळलं. मागचे वीस-बावीस स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि वीज मोजायचा मीटरही न लावता म्हणाला, “पॅनेल गेलंय. ३८ हजार.” पॅनेल म्हणजे चित्र उमटतं ती काचच.

अण्णा खाली बसले. तो दोन मिनिटं गप्प राहिला आणि मग जणू आमच्यावर उपकार करतोय अशा आवाजात म्हणाला, “एक करता येईल. बोर्ड वर्कशॉपला नेतो, तिथे सर चिप बदलून बघतील. झालं तर तुमचं नशीब.” आधी आभाळाएवढा आकडा सांगायचा आणि मग त्याच्या चौथ्या हिश्श्यात काम होईल म्हणायचं. ३८ हजार ऐकल्यावर साडेतीन हजार ॲडव्हान्स मला स्वस्त वाटला. मी दिला. पैसे गेले ते कुठल्या तरी खासगी नावाच्या खात्यावर. विचारलं तर म्हणाला, “ताई, कंपनीचा क्यूआर आज बंद आहे.”

वहीच्या कागदावर ‘पॉवर बोर्ड १, रु. ३५००’ एवढं लिहून दिलं. पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, सही म्हणजे एक वेलांटी. बोर्ड त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला. एकच गोष्ट माझ्या हातून बरी झाली. झाकण उघडं असताना भावाला पाठवायला म्हणून मी एक फोटो काढला होता.

मग नेहमीचं सुरू झालं. “सर सुट्टीवर आहेत.” “पार्ट दिल्लीहून येतोय.” बारा दिवसांनी मी ऑफिसात असताना तो घरी आला आणि अण्णांना म्हणाला, जुना बोर्ड दुरुस्त होत नाही, नवा टाकतोय, ४,८०० होतील. अण्णांनी फोन केला, पाठीमागून टीव्हीचा आवाज ऐकू आला, अण्णांचा आवाज खुलला होता. मी मीटिंगमधूनच पैसे पाठवले. ४५० धरून एकूण ८,७५०.

संध्याकाळी घरी आल्यावर पाहिलं तर चित्र होतं, पण काळ्या भागात लाल-हिरवे ठिपके चमचमत होते, वाळूत अभ्रक चमकावं तसे. फोन केला तर म्हणाला, “नवीन बोर्ड आहे, सेट व्हायला दोन दिवस लागतात.” तिसऱ्या दिवशी ऐन बातम्यांत जळका वास आला आणि पडदा विझला. त्याचा फोन बंद. त्या बाईचा नंबर लागायचा, पण माझं नाव सांगितलं की कट.

आता अण्णांनी स्वतः शोधाशोध केली. कपाटातल्या खालच्या खणात एक प्लास्टिकची पिशवी निघाली. त्यात टीव्हीचं मॅन्युअल, २०११ चं बिल, जुन्या सेलचं पाकीट, आणि बिलाला टाचणीने लावलेलं बुधवारातल्या मेकॅनिकचं कार्ड. मॅन्युअलच्या मागच्या पानावर कंपनीच्या खऱ्या ग्राहक सेवेचा नंबर. दोन्ही नंबर घरातच होते. खऱ्या नंबरवर विचारल्यावर कळलं की या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत आणि असा कुठलाही माणूस त्यांनी पाठवलेला नाही.

मेकॅनिकचं दुकान तापकीर गल्लीपासून जवळच, एका जिन्याखाली. वय साठीच्या पुढे. टीव्ही आणू नका म्हणाले, स्कूटरवरून स्वतः आले. टीव्ही उभाच ठेवला, पाठीमागे उशी लावली, प्लग काढून बराच वेळ नुसते थांबले. आत दोनशे व्होल्टच्या आसपास वीज खेळते आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ती उरलेली असते, म्हणून. व्हिडिओ बघून घरी झाकण उघडणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, नका करू.

झाकण काढल्यावर त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं, “हा बोर्ड या टीव्हीचा नाही.”

अण्णांना पटेना. तेव्हा ते म्हणाले, मी २०१६ ला कॅपॅसिटर बदलले होते तेव्हा हीटसिंकशेजारी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्याशेजारी, तारीख टाकली होती, मी प्रत्येक बोर्डावर टाकतो. मला माझा फोटो आठवला. मोबाईलवर बोटांनी मोठा केला. कोपऱ्यात, ॲल्युमिनियमच्या पात्याशेजारी, काळ्या मार्करने लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं: १४-८-१६. समोरच्या बोर्डावर काहीच नव्हतं. त्याच्या स्टिकरची वरची अर्धी पट्टी खरवडून काढलेली, उरलेल्या नंबरातली शेवटची अक्षरं वेगळी.

मग त्यांनी मला आतल्या पत्र्यावरचा एक छोटा पांढरा स्टिकर दाखवला. त्यावर त्या पॅनेलला किती व्होल्ट लागतात ते छापलेलं असतं. दोन पॅनेल एकाच मापाची असली तरी हे आकडे थोडे वेगवेगळे असतात, त्यामुळे बोर्ड बदलला की त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून, मीटर लावून, स्टिकरबरहुकूम जुळवावं लागतं. ते केलेलंच नव्हतं. ठिपके चमचमत होते ते यामुळेच. ‘सेट व्हायला’ म्हणून जे दोन दिवस त्याने आम्हाला सांगितले, त्या दोन दिवसांत पडद्याला वीज देणारा शेजारचा बफर बोर्डही जळाला.

मूळ बिघाड काय होता? “तो बोर्ड समोर नाही, छातीठोक सांगणार नाही,” ते म्हणाले. “पण टक्-टक् करतो, आणि एकदा चालू झाला की चालतो, हे बहुतेक वेळा फुगलेल्या कॅपॅसिटरचं लक्षण. हजार-बाराशेत झालं असतं.”

मग आमचा बोर्ड त्याने नेलाच कशाला, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर त्यांनी दिलं आणि मला सगळा धंदा कळला. पॅनासॉनिकने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये प्लाझ्मा बंद करत असल्याचं जाहीर केलं, २०१४ संपेपर्यंत सॅमसंग आणि एलजीही त्यातून बाहेर पडल्या. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ या कंपन्यांनी प्लाझ्मा बनवलेला नाही, मग नवे बोर्ड कुठून येणार? आज मिळतात ते काच फुटलेल्या टीव्हीमधून काढलेले. प्रामाणिक मेकॅनिक ते भंगारवाल्याकडून विकत घेतो. हे लोक ते आपल्यासारख्यांच्या घरातून उचलतात. किरकोळ बिघाडाचा आमचा चांगला बोर्ड शंभर-दोनशेच्या कॅपॅसिटरवर दुरुस्त होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ‘नवा’ म्हणून बसला असणार, आणि आम्हाला मिळाला तो तिसऱ्याच कुणाच्या तरी टीव्हीतला. त्या घरातही कुणी म्हातारं माणूस वाट बघत बसलं असेल.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की बोर्ड घराबाहेर जाऊ देऊ नका. न्यावाच लागला तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नंबर दिसेल असे, आणि त्यावर मार्करने स्वतःची सही करा. ज्याला प्रामाणिकपणे काम करायचंय तो याला हरकत घेणार नाही. काढलेला जुना पार्ट परत मागा. मीटर न लावता पॅनेल गेलं म्हणणाऱ्याला चहा देऊन वाटेला लावा. पॅनेल खरंच जातं, काचेला बारीक तडा गेला तर दुरुस्ती नाहीच, आणि तसं असेल तर खर्च करू नये हेही मी सांगेन. पण ते मीटर लावून, दाखवून सांगणारा हवा.

आणि पत्ता असलेलं बिल घ्या. हे मी वरवर सांगत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण समोरच्याचं नाव-गावच माहीत नसेल तर नोटीस कुणाला काढणार? मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलले तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. सायबर फसवणुकीच्या १९३० वर आधी फोन करायला हवा होता, पैसे गेल्या गेल्या. तिथे यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारतात आणि पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवायचा प्रयत्न करतात. मी तीन आठवड्यांनी केला. तक्रार नोंदली गेली, पैसे मिळालेले नाहीत.

टीव्ही मात्र चालू आहे. मेकॅनिकना योग्य बोर्ड मिळायला तीन आठवडे लागले, बफरसकट ५,२०० घेतले, तीन महिन्यांची जबाबदारी बिलावर लिहून दिली. “पॅनेल किती वर्षं जाईल ते नाही सांगू शकत,” हेही सांगितलं. बोर्ड बसवायच्या आधी त्यांनी अण्णांकडे मार्कर दिला आणि तारीख अण्णांनी घातली.

परवा मी मुद्दाम पुन्हा शोधलं. तो नंबर आता दिसत नाही. त्या जागी नवा नंबर आहे, आणि या वेळी दुसऱ्याच कंपनीचं नाव. फोन लावला. “नोंदणीसाठी फक्त १० रुपये भरा,” आवाज तोच. मी फोन ठेवला, स्क्रीनचा फोटो घेतला आणि तो नंबरही तक्रारीला जोडला.