कडबनवाडीची लांडगा सफारी : वाटाड्याला पाच तारे, गाडीवाल्याला दोन

आधी स्वतःबद्दल. पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी दौंड-इंदापूर पट्ट्यात. लांडग्याने धरलेल्या मेंढीच्या मानेला टाके घालायचे, एवढाच माझा आणि त्याचा संबंध. त्यामुळे जानेवारीत नातीच्या हट्टापायी पैसे भरून लांडगा बघायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "आयुष्यभर फुकट बघितलात की!" खरं सांगायचं तर उभ्या नोकरीत तो मला दोनदाच दिसला होता, तोही पाठमोरा.

पुणे जिल्ह्यात इंदापूर-बारामतीच्या माळांवर वनखात्याची गवताळ सफारी आहे, कडबनवाडी त्यातलंच एक ठिकाण. नोंदणी थेट करायची सोडून मी पुण्याच्या एका सहलवाल्याकडून केली, हीच चूक. नाव लिहीत नाही. पाचला येणारी गाडी सव्वासहाला आली. उघडी जीप कबूल केलेली, आली काचा बंद सात सीटर. जाहिरातीत "लांडगा दिसण्याची हमी" होती. जित्राबाची हमी कोण देतो हो? पोह्यांबद्दल बोलत नाही.

पण माळावर गावातला वाटाड्या गाडीत बसला आणि दिवस पालटला. विशी-बाविशीचा पोरगा, घरी अजून मेंढरं. पहिला अर्धा तास त्याने आम्हाला गाडीवाटेच्या धुळीत खाली वाकायला लावलं. कुत्र्याचा माग इकडेतिकडे भरकटतो. लांडग्याचा मात्र दोरी धरल्यासारखा सरळ जातो, आणि मागचा पाय बरेचदा पुढच्याच्याच ठशात पडतो. एके ठिकाणी वाळलेली, पांढरी पडलेली विष्ठा होती. त्याने काडीने फोडून दाखवली : सशाचे केस, हाडाचा चुरा आणि कोंबडीची पिसं. पिसांचं कोडं मला लगेच सुटलं. या भागात पोल्ट्रीचे शेड पावलोपावली, आणि मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी टाकायची सवय जुनीच. लांडगे तिथे येतात, गावची कुत्रीही येतात.

नऊच्या सुमाराला उसाच्या बांधावर दोन लांडगे दिसले. दोनेकशे मीटरवर, वाळल्या गवताच्याच रंगाचे, पाय लांब, पोट आत ओढलेलं. एक बसून कान खाजवत होता. चार मिनिटांत उसात शिरले. वजन वीसेक किलो असेल. परदेशी लांडग्यांची चित्रं पाहिलेल्या नातीला तो "बारीक" वाटला.

बारीक असला तरी घराणं मोठं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आपला हा लांडगा जगभरच्या करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक ठरला. भारतात मोजून तीनेक हजार उरलेत. वाघाइतकंच संरक्षण, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, पण त्याचे बरेचसे माळ अभयारण्याबाहेर. कागदोपत्री ही "पडीक" जमीन; म्हणून कुठे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या रांगा लावल्या, कुठे कालव्याचं पाणी आलं आणि ऊस झाला.

परतताना ओढ्यापाशी चार कुत्री होती. त्यातलं एक पिवळसर, उंच, चालणं जरा वेगळं. वाटाड्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, नुसतं बघून सांगता यायचं नाही." बरोबर बोलला. पुण्याच्या आसपासच्या अशाच संशयित जनावरांचे जनुक तपासल्यावर लांडगा-कुत्रा संकर सिद्ध झालेला आहे. जोडीदार मिळाला नाही की लांडगा कुत्र्यांकडे वळतो, आणि असं होत राहिलं तर ते जुनं घराणं गोळी न झाडताच बुडेल. डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूरोग) आणि रेबीजही कुत्र्यांकडूनच त्याच्यापर्यंत जातात. माझ्या मते इथे पहिलं काम लशीचं आणि मेलेल्या कोंबड्या पुरण्याचं. यात माझा धंदा बोलतोय, हे कबूल.

दुपारी वाटेत एका धनगराच्या वाड्यापाशी, म्हणजे फिरत्या मुक्कामापाशी, थांबलो. वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोकरं होती. धनगरांच्या तोंडी लांडग्याबद्दल शिव्या असतील असं बरोबरच्या मंडळींना वाटलं होतं. म्हातारबाबा एवढंच म्हणाले, "त्याचं त्यो नेतो." रोष होता तो पंचनाम्यावर. भरपाईसाठी मेलेलं जनावर जागच्या जागी राहू द्यायचं, आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला हललेला. शिवाय लांडगा कोकरू उचलूनच नेतो, मग पंचनामा कशाचा करायचा? मी नोकरीत असतानाही हेच ऐकत होतो.

आता तक्रार. एका प्रवाशाला जवळून फोटो हवा होता म्हणून ड्रायव्हरने वाट सोडून गाडी गवतात घातली. धाविक, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. चाकाखाली काय येतं ते काचेतून दिसत नाही. वाटाड्याने हात धरून थांबवलं. गाडीवाल्याला दोनच तारे त्यासाठी, आणि त्यातला एक परतीला वेळेत सोडलं म्हणून.

जाणार असाल तर स्वतः नोंदणी करा, सकाळची फेरी घ्या, दुर्बीण न्या. थंडीत पिल्लांचा काळ असतो, बिळाजवळ न्यायला कुणी तयार झालाच तर नको म्हणा. आणि जाड पँट घाला. माझ्या मोज्यांतली कुसळं बायको अजून चिमट्याने काढतेय, तोंडाचा पट्टा वेगळाच.