घरचा प्रोजेक्टर, साउंडबार आणि सबवूफर: सुपरहिरो आणि रॉक म्युझिकल पाहून झालेलं मत

गुढीपाडव्याला घेतलेला सेट आहे. आता जानेवारीतली गड्ड्याची यात्राही होऊन गेली, तेव्हा लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू मी वाचत नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि इथली धूळ यातून गेल्याशिवाय कुठल्याही यंत्राचं खरं रूप कळत नाही.

मधल्या किमतीचा फुल एचडी एलसीडी प्रोजेक्टर, शंभर इंची पडदा, तीन चॅनलचा साउंडबार, म्हणजे लांबट स्पीकर, आणि खालच्या सुरांसाठी वायरलेस सबवूफर. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतले बहुतेक सेट साधारण असेच वागतात. खोली जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर, वर स्लॅब, खाली फरशी. पाहणारे आम्ही चौघं: मी, बायको, अकरावीतली मुलगी आणि वडील. वडिलांचं आयुष्य गिरणीच्या साळखात्यात गेलं, मागांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे संवाद स्पष्ट येणं ही आमच्या घरात चैन नाही, गरज आहे.

घेण्याचं कारण दोन प्रकारचे सिनेमे. एक म्हणजे दर समरला नव्याने सुरू होणारे सुपरहिरो, आणि दुसरं रॉक म्युझिकल, म्हणजे रॉकच्या गाण्यांतून गोष्ट सांगणारे सिनेमे. सुपरहिरो सोलापुरात येतात, पण हिंदी डबिंगचे शो जास्त आणि इंग्रजीचा मिळाला तर अडनिड्या वेळेला. रॉक म्युझिकल इथल्या पडद्यावर मी कधी पाहिलीच नाही. सेट घेताना डोळ्यांसमोर सुपरहिरोच होते. एवढ्या महिन्यांनंतर माझं मत असं झालंय की या पैशांत हा सेट सुपरहिरोंसाठी बरा आणि रॉक म्युझिकलसाठी फार चांगला आहे.

आधी चित्राबद्दल. खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाचा, मोठा आकडा सोडा, प्रमाणित पद्धतीने मोजलेले एएनएसआय ल्युमेन किती ते विचारा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी खिडक्यांना जाड पडदे लावूनही आमच्याकडे चित्र फिकं दिसायचं. त्यात उष्णता. पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंत चालवा असं लिहिलंय, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ वर असतो. स्लॅबखालची खोली रात्री नऊलाही तापलेली. कूलर लावल्याशिवाय दोन तासांचा सिनेमा सलग चालला नाही, मध्येच तापमानाची सूचना येऊन मशीन बंद पडायचं. कूलरच्या आवाजात हळू संवाद गेले ते वेगळंच. अमेरिकेचा समर म्हणजे जून ते ऑगस्ट, आपला ज्येष्ठ-आषाढ-श्रावण. २०२५चा ‘सुपरमॅन’ ११ जुलैला, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागला. असे सिनेमे पाहायला आपल्याकडे हवा तोवर बरी झालेली असते, हे एक बरं आहे.

या प्रोजेक्टरची खरी कमजोरी काळा रंग. एलसीडी पॅनल प्रकाश पूर्ण अडवू शकत नाही, त्यामुळे काळं ते गडद राखाडी दिसतं. ख्रिस्तोफर नोलनचा २००५चा ‘बॅटमॅन बिगिन्स’ मला अतिशय आवडतो, पण या पडद्यावर बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या गल्ल्यांवर धुकं पसरल्यासारखं वाटतं. याउलट जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ खुलून दिसतो. त्यात दिवसाउजेडी उडणं आहे, लाल-निळा रंग बिनसंकोच वापरलाय, बर्फ आहे, पांढरा कुत्रा आहे. ‘द फॅन्टॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’मधलं साठच्या दशकातलं कल्पित न्यूयॉर्कही तसंच. अशा उजळ सिनेमांसाठी हा प्रोजेक्टर पुरेसा आहे. हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंगचं सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

आता रिबूटबद्दल, म्हणजे जुना नायक पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याबद्दल, थोडं सविस्तर, कारण घरी पडदा आला की माणूस एका मागोमाग एक पाहतो आणि मग जे थिएटरात लक्षात आलं नव्हतं ते दिसतं. सॅम रायमीचा ‘स्पायडर-मॅन’ २००२चा. दहाच वर्षांनी, २०१२च्या जुलैमध्ये, मार्क वेबचा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’. पुन्हा कोळी चावतो, पुन्हा बेनकाका जातो. अँड्र्यू गारफिल्ड चांगला आहे, आपला इरफान त्यात आहे म्हणून मी तेव्हा कौतुकाने गेलो होतो. पण दोन्ही एका आठवड्यात पाहिले तर दुसऱ्याचा पहिला तास पुढे ढकलावासा वाटतो, आणि आमच्या मुलीने तो ढकललाच. सोनीकडे स्पायडर-मॅनचे हक्क आहेत आणि ते टिकवायचे तर ठरावीक काळात सिनेमा काढत राहावं लागतं. व्यवहार म्हणून ते समजतं, पण ‘आम्हाला काढावाच लागला’ हे पडद्यावर दिसतं. फॅन्टॅस्टिक फोरच्या बाबतीत तर हक्क जाऊ नयेत म्हणून नव्वदच्या दशकात स्वस्तात एक सिनेमा करून ठेवला होता, तो कधी प्रदर्शितच झाला नाही.

चांगला रिबूट जन्मकथा थोडक्यात आटोपतो, हे मला आता ठामपणे वाटतं. २००८च्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’ने ती श्रेयनामावलीतच संपवली. २०१७च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मध्ये कोळी चावण्याचा प्रसंगच नाही. ‘फर्स्ट स्टेप्स’मध्ये टीव्हीवरच्या कार्यक्रमातून सगळं सांगून होतं आणि गोष्ट पुढे निघते. गनचा सुपरमॅन पहिल्यांदा दिसतो तोच हरलेला, बर्फात आदळलेला. हे सिनेमे प्रेक्षकाला काहीतरी माहीत आहे असं धरून चालतात. रामायण-महाभारत ऐकून वाढलेल्या आपल्या लोकांना याची सवय आहेच, आख्यान कुठूनही लावलं तरी चालतं. ‘बॅटमॅन बिगिन्स’ला मात्र मी सूट देतो. ब्रूस वेनची घडण एवढ्या तपशिलात आधीच्या सिनेमांनी दाखवलीच नव्हती, म्हणून तिथे जन्मकथा हीच नवी गोष्ट होती.

तरीही खरं सांगायचं तर, या महिन्यांत पुन्हा लावलेले सुपरहिरो फार थोडे. दुसऱ्यांदा पाहताना शेवटची अर्ध्या तासाची पडझड मी नेहमी ओलांडून जातो.

आवाजाकडे येतो, कारण माझ्या मते पैसे इथे घालावेत. प्रोजेक्टर आणि साउंडबार आधी ब्लूटूथने जोडून दिला होता. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे राहतो. मारामारीत ते जाणवत नाही, गाण्यात लगेच जाणवतं: ओठ मिटलेले आणि सूर चालू. ज्याला म्युझिकल पाहायची आहे त्याने प्रोजेक्टरकडून साउंडबारकडे आवाज नेणारी एचडीएमआय एआरसीची वायरच ओढावी. दुसरी अडचण घुमण्याची. स्लॅब, फरशी आणि मोकळ्या भिंती, टाळी वाजवली तरी खणखणायची. बायकोने मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर जुन्या सोलापुरी चादरी चुण्या घालून टांगल्या. जाड सुती विणीने वरचे आणि मधले सूर शोषले, आणि त्या रात्री वडिलांनी पहिल्यांदा एकही वाक्य परत लावायला सांगितलं नाही. चादरी आपल्या गावात मिळतात, त्यासाठी फोमचे महागडे तुकडे मागवू नका. खालचा बास मात्र चादरीने अडत नाही, तिथे सबवूफर कोपऱ्यातून पुढे ओढावा लागतो.

सबवूफरबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, ती नीट सांगतो. या किमतीतला सबवूफर ४०-४५ हर्ट्झच्या (आकडा लहान तितका सूर खालचा) खाली फारसा जात नाही. बास गिटारच्या सर्वात जाड तारेचा खुला सूर ४१ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे रॉक बँडमधलं जवळपास सगळं या डब्याच्या आवाक्यात येतं. इमारत कोसळते तेव्हा जे पोटात जाणवायला हवं ते २०-३० हर्ट्झवर असतं, ते या सेटच्या नशिबी नाही. तिथे नुसता खडखडाट येतो आणि खालच्या मजल्यावरून हाक येते, “सर, जरा कमी करा की ओ.” शेजारी तेलुगू सिनेमांचे मोठे चाहते आहेत, त्यांना आवाजाचं वावडं नाही, पण खिडकीची काच थरथरली की ते सांगणारच.

म्हणून ‘जीझस ख्राईस्ट सुपरस्टार’ लावला आणि या सेटचा कस लागला. नॉर्मन ज्युइसनचा १९७३चा सिनेमा, अँड्र्यू लॉइड वेबरचं संगीत, टिम राईसचे शब्द. आधी १९७०ला तो रेकॉर्ड म्हणून आला, रंगमंचावर नंतर. गद्य संवाद नाहीतच, सगळं गाण्यातून. वडिलांना मी आधी मराठीत गोष्ट सांगितली: येशूचा शेवटचा आठवडा, पण पहिलं म्हणणं मांडतो तो त्याला धरून देणारा यहूदा. कार्ल अँडरसनने तो यहूदा असा गायलाय की इंग्रजी न समजणारे वडील गाणं संपल्यावर म्हणाले, “परत लाव.” संगीत नाटकांवर पोसलेला माणूस. वन्स मोअर मागायला त्यांना भाषेची अडचण आली नाही. १८८०ला किर्लोस्करांनी शाकुंतल गाऊन दाखवलं, तेव्हापासून पात्राने मनातलं गाऊन सांगणं आपल्याला परकं नाही. रॉक म्युझिकल ‘आपल्याकडे चालणार नाही’ असं जे म्हणतात त्यांनी एकदा घरातल्या मोठ्यांना दाखवून पाहावी.

केन रसेलचा ‘टॉमी’ (१९७५) मात्र या सेटवर अर्धाच कळला. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचं ते संगीत थिएटरसाठी पाच दिशांच्या क्विंटाफोनिक आवाजात मिसळलं होतं, एका बारमधून ते एकमेकांवर चढतं. मिलोश फोरमनच्या ‘हेअर’ने (१९७९) उलटा अनुभव दिला. व्हिएतनामला निघालेल्या सैनिकांची रांग विमानाच्या काळ्या पोटात शिरत जाते. माझ्या प्रोजेक्टरवर तो काळा राखाडीच दिसतो, तरी खोलीत कुणी हललं नाही. गॉथमचं राखाडीपण जे बिघडवू शकलं ते इथे काहीच बिघडवू शकलं नाही, कारण ते दृश्य कोरसच्या आवाजावर उभं आहे.

२०१२च्या त्याच समरला, स्पायडर-मॅनच्या काही आठवडे आधी, ‘रॉक ऑफ एजेस’ आला होता. ऐंशीच्या दशकातली तयार गाणी घेऊन त्यात गोष्ट बसवलेली. गोष्ट पातळ आहे, पण टॉम क्रूझ स्वतः गातो आणि ढोल-गिटार या सेटवर फार छान वाजतात. पाहुण्यांना सेट दाखवायचा तर मी हाच लावतो. लोकांच्या ओळखीच्या चालींवर नवं नाटक उभं करणं आपल्याही नाट्यपदांनी केलंय, त्यामुळे उसन्या गाण्यांना मी नावं ठेवणार नाही. उसनी गाणी घेऊन त्यांना नवं कारण दिलं नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि गारफिल्ड. ज्याचा स्पायडर-मॅन आम्ही पुढे ढकलला तोच ‘टिक, टिक... बूम!’मध्ये (२०२१) जोनाथन लार्सन झालाय. लार्सन म्हणजे ‘रेंट’चा कर्ता. त्या रॉक म्युझिकलचा पहिला पूर्वप्रयोग होता त्याच दिवशी, २५ जानेवारी १९९६ला, वयाच्या ३५व्या वर्षी तो गेला. पुढे ‘रेंट’ बारा वर्षं ब्रॉडवेवर चालला. गारफिल्ड या भूमिकेसाठी गायला शिकला. मुखवट्याखाली जो नट दुसऱ्याच्या कपड्यांत वावरल्यासारखा वाटत होता तो इथे तिशीत शिरणाऱ्या, भाडं थकलेल्या, पियानोपाशी बसलेल्या पोराचं सगळं ओझं घेऊन गातो. मुलीने तो सिनेमा स्वतःहून पुन्हा लावला, एक मिनिटही न ढकलता. दोन्ही प्रकार एकत्र आणायचा मोठा प्रयत्न ब्रॉडवेवर झाला होता, यू-टू या आयरिश रॉक बँडच्या बोनो आणि एज यांच्या संगीतावर २०११मध्ये सुरू झालेलं स्पायडर-मॅनचं म्युझिकल. अफाट खर्च, तालमींत आणि सुरुवातीच्या प्रयोगांत झालेले अपघात, शेवटी मोठा तोटा. त्याची गाणी मी ऐकली, पण परत ऐकावं असं त्यात मला काही सापडलं नाही.

हिंदीत ‘रॉक ऑन’ (२००८) आणि ‘रॉकस्टार’ (२०११) या सेटवर जरूर पाहा, विशेषतः ‘रॉकस्टार’मधलं रहमानचं काम. ‘सैराट’सुद्धा. अजय-अतुलने त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला, आणि चांगल्या स्पीकरवर त्यातली व्हायोलिनं वेगळी कळतात. आपल्याच जिल्ह्यातल्या दिग्दर्शकाच्या सिनेमात हे ऐकताना मला मनापासून अभिमान वाटतो.

देखभालीचं थोडक्यात: एअर फिल्टर महिन्यातून एकदा काढून झटका, उन्हाळ्यात दोनदा. व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा स्टॅबिलायझर हवाच, आणि लाइट गेल्यावर पंखा चालू राहून मशीन थंड व्हावं म्हणून छोटा यूपीएस. सर्व्हिससाठी सेट पुण्याला पाठवावा लागला आणि बरेच दिवस गेले, ते गृहीत धरून घ्या.

दुकानात गेलात की विक्रेता स्फोटांचा डेमो लावतो. त्याला थांबवा आणि ‘जीझस ख्राईस्ट सुपरस्टार’मधलं यहूदाचं पहिलं गाणं फोनवरून लावायला सांगा. बासचा प्रत्येक सूर सुटा कळला आणि अँडरसनचे शब्द गिटारच्या वर स्पष्ट राहिले तर सेट घ्या. खालून एकसारखी धुमधुम येत असेल तर पुढचं मॉडेल काढायला सांगा.