चुंबक चिकटलं नाही म्हणून

आमच्या वाडीतल्या एका बंद घराची खिडकी उचकटून चोरी झाली, तेव्हा आमचे हे जहाजावर होते. घरात मी आणि सासूबाई. रत्नागिरी शहराच्या जरा बाहेर आमचं जुनं चिऱ्याचं घर, रात्री आठनंतर रस्त्याला चिटपाखरू नसतं. चार रात्री मला धड झोप लागली नाही. पाचव्या दिवशी शेजारणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका ग्रिलवाल्याचा नंबर पाठवला. तिलाही तो कुणीतरी पाठवलेला होता, हे मी तेव्हा विचारलं नाही.

माणूस दुसऱ्याच दिवशी हजर. घराला एक फेरी मारली, आमच्या सागवानी खिडक्यांचे गज धरून हलवून बघितले. गज काही हलले नाहीत, तरी त्याने चेहरा पाडला. "काकू, लाकडाचं काय खरं आहे? वाळवी लागली की चौकटच बाहेर येते." मग खिशातून चुंबक काढून स्वतःजवळच्या स्टीलच्या तुकड्याला लावलं. चिकटलं नाही. ओट्यावरच्या लोखंडी तव्याला लावलं, टपकन चिकटलं. "बघितलंत? हे 304 नंबरचं स्टेनलेस स्टील. खाऱ्या वाऱ्यातसुद्धा गंजणार नाही." तुकडा माझ्या हातात दिला. भरीव होता, चांगला जड. तिथेच मी भुलले.

सात खिडक्या, प्रत्येकी चार बाय चार. ग्रिल 650 रुपये चौरस फूट, अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी 450 रुपये, मिळून 1,23,200. बिल हवं असेल तर वर 18 टक्के जीएसटी. मी म्हटलं, नको बिल. आणि जुन्या खिडक्या "भंगार म्हणून फुकटात उचलून नेतो" म्हणाला, तर मी त्याचे आभारसुद्धा मानले! 80,000 रुपये आगाऊ पाठवले.

काम तीन दिवसांत उरकलं. उरलेले पैसेही लगेच दिले. खिडक्या दिसायला चकाचक होत्या, आल्यागेल्याला मी कौतुकाने दाखवत होते.

जूनमध्ये पाऊस लागला आणि श्रावण यायच्या आत पश्चिमेकडच्या ग्रिलवर जोडांपाशी तांबूस ठिपके आले. मी चिंचेने घासले, गेले, परत आले. गणपतीला हे घरी आले. बॅग ठेवायच्या आधीच खिडकीपाशी थांबले आणि हातातल्या किल्लीने गजावर टकटक केलं. भांड्यासारखा आवाज आला. "अगं, हा पाइप आहे," म्हणाले.

जहाजावर आयुष्य काढलेला माणूस, स्टीलचं त्यांना कळतं. त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते. चुंबक न चिकटणं म्हणजे 304 नव्हे. 202 नावाचं स्वस्त स्टील असतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यालाही चुंबक चिकटत नाही. नवं असताना दोन्ही सारखीच चमकतात. फरक खारी हवा दाखवते. अगदी समुद्राकाठी तर 304 सुद्धा डागाळतं, तिथे 316 लागतं. 202 की 304 हे ओळखायचं थेंबाचं औषध मिळतं, थेंबाचा रंग बघून कळतं. आणि पोकळ की भरीव हे कळायला तर वजनकाटा पुरे. 12 एमएमचा भरीव गोल गज मीटरला साधारण 900 ग्रॅम भरतो. आमचा एक सुटा करून किराणा दुकानात तोलला, तर मीटरला पाव किलोसुद्धा नव्हता. दुकानदार हसला, मी नाही.

पण स्टील हा अर्धाच भाग. ग्रिल बाहेरून साध्या आठ स्क्रूंवर बसवलेली होती, तेही चिऱ्यात भोक पाडून प्लास्टिकच्या प्लगमध्ये. चिरा म्हणजे जांभा दगड, मऊ, त्यात प्लग काय धरणार? ह्यांनी एक स्क्रू पिळला तर प्लगसकट बाहेर आला, मागोमाग तांबडी माती. ग्रिलचे पाय भिंतीत खोल घालून सिमेंटने भरायला हवेत, स्क्रू असलेच तर त्यांची डोकी वेल्डिंगने बंद करायला हवीत. शिवाय सरकती काच बाहेरून दोन्ही हातांनी वर उचलली की खालच्या ट्रॅकमधून सुटून हातात येत होती. कडी लावलेली असताना! त्यावर उपाय मात्र स्वस्तात झाला. वरच्या ट्रॅकच्या पोकळीत दोन स्क्रू असे बसवले की काचेला वर उचलायला जागाच उरली नाही, आणि खालच्या ट्रॅकमध्ये काठी आडवी टाकली.

मला सगळ्यात जास्त लागलंय ते जुन्या खिडक्यांचं. आजेसासऱ्यांनी करवून घेतलेल्या. त्यांचे गज चौकट जोडतानाच लाकडात आरपार ओवलेले, म्हणजे चौकट फोडल्याशिवाय एकही गज निघायचा नाही. ते सागवान आणि ते लोखंड त्याने टेम्पोत भरून नेलं, आणि मी वर दोन कप चहा दिला.

फोन केला तर म्हणतो, "काकू, दुकानदाराने माल तसा दिला, मी काय करू?" नंतर फोन उचलणंच बंद. बिल नाही. पण त्याचा एक मेसेज सापडला, "12 एमएम सॉलिड 304, सात विंडो", आणि यूपीआयने पैसे गेल्याच्या नोंदी आहेत. तेवढ्यावर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तिकडेही जाणार आहोत. त्याचं नाव इथे लिहीत नाही. उद्या तो दुसऱ्या नावाने येईल, चुंबक तेच असेल.

एक खिडकी वाचली. देवघराची. "माझ्या डोळ्यांदेखत ती निघणार नाही," म्हणून सासूबाई तिच्याखाली पाट टाकून बसल्या होत्या, आणि मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता कपाट कुठल्या खोलीत हलवलंय, ते मात्र लिहीत नाही.