‘डिस्क मेली’ म्हणून माझीच डिस्क मला विकली

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण युक्ती लिहिते, ती कुठल्याही गावात खपेल.

मी जीएसटी रिटर्न भरण्याचं काम करते. एका अपडेटनंतर लॅपटॉप ‘ऑटोमॅटिक रिपेअर’च्या फेऱ्यात अडकला. विंडोज उघडेना. २० तारीख तोंडावर, पक्षकारांचे फोन चालू. घराजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला आणि म्हटलं, विंडोज नव्याने टाकून द्या, पण आधी डेटा काढा.

दुकानदाराने माझ्यासमोरच पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलेशन सुरू केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पानावर डिस्कची यादी असते, ती कोरी. खाली इंग्रजीत एक ओळ, एकही ड्राइव्ह सापडली नाही अशा अर्थाची. “बघा ताई, डिस्कच दाखवत नाही. मेली. तुमच्या डोळ्यांनी बघा.”

बघितलं. त्याने स्क्रीनवर काही खोटं केलेलं नव्हतं, आणि या फसवणुकीचा सगळा जोर त्यातच आहे. दिसतं ते खरं असतं, अर्थ तेवढा खोटा सांगतात. त्या ओळीचा उरलेला अर्धा भाग त्याने वाचून दाखवला नाही. तिथे लिहिलेलं असतं की स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखता यावी म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) हवा असेल तर ‘लोड ड्रायव्हर’वर क्लिक करा. बटणही तिथेच असतं.

संध्याकाळी लॅपटॉप मिळाला. नवी ५१२ जीबीची एसएसडी ४,२०० रुपये, डेटा रिकव्हरी ३,५००, विंडोज टाकण्याचे ७००. एकूण ८,४००. जुनी डिस्क मागितली तर म्हणाला, “खराब डिस्क कंपनीकडे जमा होते, ताई.” आणि ‘मेलेल्या’ डिस्कवरचा माझा डेटा? सगळाच्या सगळा, फोल्डरच्या नावांसकट, एका पेन ड्राइव्हवर. डिस्क खरोखर गेलेली असती तर काही फाइली तरी तुटक्या आल्या असत्या, निदान इतक्या लवकर तरी आल्या नसत्या.

हे माझ्या भाच्याला खटकलं. तो हार्डवेअरचंच काम करतो. त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. त्यात डिस्क किती तास चालली आहे ते ‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणून दिसतं. माझी ‘नवी’ डिस्क साडेतीन हजार तासांहून जास्त चाललेली होती. तो म्हणाला, “मावशी, ही सेकंडहँड तरी आहे, नाहीतर तुझीच आहे.” गेल्या वर्षी रॅम वाढवताना मागचं झाकण उघडून त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. त्यात एसएसडीचा स्टिकर स्पष्ट आला होता. सिरियल नंबर अक्षर न अक्षर जुळला. म्हणजे माझीच डिस्क पुसून मलाच विकली होती. माल आणायचाही खर्च नाही!

आता ती यादी कोरी का दिसली ते. माझा लॅपटॉप इंटेलच्या १२ व्या पिढीचा आहे. ११ व्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०२० च्या अखेरीपासून, बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही सोय, म्हणजे डिस्क सांभाळणारा इंटेलचा एक कंट्रोलर, कारखान्यातूनच चालू करून येते. ती चालू असली की एसएसडी त्या कंट्रोलरच्या मागे जाते आणि इंटेलचा खास ड्रायव्हर असल्याशिवाय दिसत नाही. कंपनीने टाकून दिलेल्या विंडोजमध्ये तो ड्रायव्हर असतो, म्हणून लॅपटॉप वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. साध्या विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये बहुधा तो नसतो. कुलूपबंद कपाटाला रिकामं म्हणावं, तसला हा प्रकार.

इलाज अगदी साधा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर घ्यायचा, झिप उघडून पेन ड्राइव्हवर टाकायचा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते फोल्डर दाखवायचं. आयएस्टॉरव्हीडी नावाची आयएनएफ फाइल निवडली की डिस्क यादीत येते. दुसरा मार्ग बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो पर्याय लपलेला असतो, मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावर उघडतो. काही लॅपटॉपमध्ये तो पर्यायच नसतो, तिथे ड्रायव्हरच टाकावा लागतो. पण आधीचं विंडोज तसंच ठेवायचं असेल तर व्हीएमडीला उगाच हात लावू नका. निळी स्क्रीन येते, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणते, आणि दुकानदाराला डिस्क गेल्याचा आणखी एक ‘पुरावा’ मिळतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी कीसुद्धा मागितली जाऊ शकते, ती आधीच हाताशी ठेवा.

डिस्क खरंच जातात, हेही खरं. म्हणून कोणी तसं म्हणालं की इन्स्टॉलेशनची स्क्रीन नको, बायॉस दाखवा म्हणायचं. तिथे माहितीच्या किंवा स्टोरेजच्या पानावर डिस्कचं नाव आणि क्षमता दिसली, तर डिस्क जिवंत असण्याचीच शक्यता जास्त. तिथेही नसेल तर डिस्क काढून पुन्हा नीट बसवून बघायला सांगा, मग दुसऱ्या मशीनमध्ये लावून. तोवर पैशाची बोलणी नकोत.

लॅपटॉप देण्याआधी डिस्कचा सिरियल नंबर टिपून ठेवा. विंडोज चालू असेल तर पॉवरशेलमध्ये गेट-फिजिकलडिस्क या कमांडने तो काढता येतो. लॅपटॉप देताना दुकानदार देतो त्या जॉब कार्डवर तो लिहून घ्या, शिवाय ‘बदललेला भाग परत देणे’ हेही. बिलावर नव्या डिस्कची कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर हवाच. माझ्या बिलावर नुसतं ‘एसएसडी ५१२’ होतं. दिवसभर लोकांची बिलं तपासणाऱ्या बाईला असलं बिल द्यायची हिंमत बघा.

फोटो आणि तासांचा स्क्रीनशॉट छापून दुकानात गेलो. आधी म्हणाला, कंपनीने रिफर्बिश्ड पीस पाठवला असेल. भाच्याने सिरियल नंबर दाखवल्यावर “पोराकडून घोळ झाला असेल” वर आला आणि ४,२०० रुपये यूपीआयने परत केले. रिकव्हरीचे ३,५०० द्यायला तयार नाही, म्हणतो “काम तर केलंय ना.” त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त सलते. पक्षकारांचे पॅन, बँकेचे उतारे, सगळं त्या दुपारी त्याच्या टेबलावर उघडं होतं. पोर्टलचे पासवर्ड त्याच रात्री बदलले आणि ज्यांची कागदपत्रं त्यात होती त्या प्रत्येकाला फोन करून तसं सांगितलं.