तैलरंगांनंतर आठ महिने जलरंग: मेणवलीचा घाट

दहा वर्षं तैलरंगात निसर्गचित्रं केली. आषाढात जलरंग घेतले आणि तेव्हापासून वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर महिन्यातून दोन-तीनदा बसतोय. सामान थोडकंच: बारा ट्यूब, दोन गोल ब्रश, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड कॉटन कागद. आधी घेतलेला स्वस्त कागद पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्याच हाताला, फुगला. काटकसर ब्रशवर करा, कागदावर नको.

तैलरंगात हाच घाट कितीदा तरी रंगवला होता. चित्र दगडाचं व्हायचं. थरावर थर देत पायऱ्या उभ्या राहायच्या, पेंटिंग नाईफने काळा पाषाण खरबरीत व्हायचा, आणि ऊन सगळ्यात शेवटी, जाड पांढऱ्या रंगाने यायचं. नाना फडणवीसांचा घाट, पेशवाईपासून पाय रोवून उभा. चित्रातही तेच दिसायचं.

जलरंगात ऊन आधी ठरवावं लागतं. उजेड म्हणजे कोरा कागद, तिथे ब्रश न्यायचाच नाही. एकदा झाकला की तो तसाच्या तसा परत मिळत नाही. थॅलो ब्लू हा गडद निळा तर कागदात इतका मुरतो की माझं एक आख्खं आभाळ त्यात गेलं. पण याच धाकाने मी पायऱ्या मोजणं सोडलं आणि उजेड कुठे थांबलाय ते शोधू लागलो. श्रावणात ओल्या कागदावर निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना सोडले. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसले, दगडाचा पोत आपसूक आला, आणि खालच्या पायऱ्या गढूळ पाण्यात विरल्या. त्या चित्रात घाट नानांचा राहिला नाही, कृष्णेचा झाला.

तेव्हा इंग्रज चित्रकार टर्नरचा, इंग्लंडमधला नॉरहॅम किल्ला नव्याने कळला. १७९७ मध्ये त्याने तो पहिल्यांदा पाहिला, पुढे जलरंगात पुन्हा पुन्हा केला. १८४५ च्या सुमाराचं सूर्योदयाचं चित्र मात्र तैलरंगातलं, तरी पांढऱ्या अस्तरावर रंग इतका पातळ की किल्ला धुक्यातली निळी सावली वाटतो. हात जलरंगाचा, माध्यम तेलाचं.

वापरातली अडचण एकच, हवा. पावसाळ्यात वॉश सुकता सुकत नाही, आता फाल्गुनात ब्रश टेकायच्या आत सुकतो. सकाळी नऊच्या आत काम उरकतो.

गेल्या आठवड्यात जवसाचं तेल पुन्हा बाहेर काढलं. पांढऱ्या कॅनव्हासवर पातळ रंग, उजेडाच्या जागा कोऱ्या. पाणी जमतंय. पायऱ्या अजून जड येताहेत.