दुहेरी तारांची हार्प : बावन्नाव्या वर्षी सुरू केलेला रियाज

हार्प म्हणजे बोटांनी छेडायचे उभ्या तारांचे वाद्य; माझ्या या हार्पमध्ये समांतर अशा दोन रांगांत प्रत्येकी २३ तारा असून दोन्ही रांगा एकाच सुरांत जुळवलेल्या असतात. त्यामुळे उजव्या हाताने छेडलेला सूर विरण्याआधीच डाव्या हाताने तोच सूर दुसऱ्या तारेवर छेडता येतो आणि त्यातून उमटणारी प्रतिध्वनीसारखी गुंफण मला फार मोलाची वाटते. प्रत्येक सप्तकातील मध्यमाचे खटके (तारेच्या वरच्या टोकाजवळील छोट्या कळा) वर केले की त्या तारा अर्ध्या स्वराने चढतात व यमनचा तीव्र मध्यम मिळतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सलग सरकत जाणे, मात्र घेता येत नाही. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ४६ तारा जुळवण्यातच माझा रोज अर्धा तास जातो, आणि विक्रेत्याने बदलीसाठी जादा तारा दिल्या नाहीत, ही गंभीर उणीव आहे.