कोल्हापुरात स्वतःची स्कूबा टाकी: आठ महिन्यांचा अनुभव

उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये लेथच्या शेजारी गेले आठ महिने एक पिवळी टाकी साखळीनं बांधून उभी आहे. पहिल्याच दिवशी शेजारच्या शेडमधल्या काकांनी विचारलं, "काय रं, गॅस ब्लॅकनं उचललास काय?" पाण्याखाली श्वास घ्यायची हवा आहे म्हटल्यावर म्हणाले, "हवेला पैसे मोजलंस? लई भारी."

टाकीबद्दल तक्रार नाही. अॅल्युमिनियमची, ११.१ लिटरची, रिकामी असताना साधारण चौदा किलो. दोनशे बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की बावीसशे लिटरच्या आसपास हवा मावते. मालवणच्या उथळ पाण्यात सावकाश श्वास घेणाऱ्याला ती भरपूर पुरते. डोकं खाल्लं ते टाकीच्या शिक्क्यांनी, आणि ती भरून देणाऱ्यांच्या नियमांनी.

ही घेण्याआधी आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाची जुनी टाकी जवळजवळ फुकटात मिळत होती. मानेवर १९८६ चा शिक्का. त्या काळातल्या बऱ्याच टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या. दाबाखाली वर्षानुवर्षं राहून त्यांच्या मानेच्या आट्यांमध्ये बारीक चिरा पडू शकतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. नंतरच्या टाक्यांना ६०६१ वापरतात. शिवाय भारतात सिलिंडर नागपूरच्या पेसोनं, म्हणजे स्फोटकं आणि दाबाचे सिलिंडर यांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, मान्य केलेल्या प्रकाराचा लागतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणं बिगरमान्यतेचा सिलिंडर भरताच येत नाही. ती टाकी परत दिली. फुकट म्हटलं की आपला हात पुढं जातोच, पण इथं आवरला. मग कागदपत्रांसह ही घेतली, वापरलेलीच, हायड्रोटेस्टची मुदत संपत आलेली.

हायड्रोटेस्ट ज्यांच्या गाडीला सीएनजी आहे त्यांना ठाऊक असते. त्यांची दर तीन वर्षांनी, माझी पाच वर्षांनी. टाकीत पाणी भरायचं, कामाच्या दाबाच्या दीडपट ते पावणेदोनपट दाब द्यायचा आणि ती किती फुगते ते मोजायचं. दाब काढल्यावर ती परत जवळजवळ मूळ मापावर आली पाहिजे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कायमची फुगलेली राहिली तर बाद. जिथं केली तिथं सगळी गर्दी सीएनजीची आणि काळ्या ऑक्सिजन सिलिंडरांची. टाकी पास झाली, शिक्का बसला, मी खूश.

पुढच्या रविवारी पहाटे राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करत चार तासांत मालवण. हवा भरणाऱ्यानं शिक्का बघितला, मान हलवली, मग टाकी उलटी धरून व्हॉल्व्ह किंचित उघडला. हवेसोबत पांढरट फवारा उडाला.

"ह्येच्यात पानी आसा. मी भरूचंय नाय."

टेस्टवाल्यानं टाकी न वाळवताच व्हॉल्व्ह बसवला होता. मी हुज्जत घातली, शिक्का दाखवला. त्यानं शांतपणे विचारलं, आतून कुणी बघितलीय? दरवर्षी व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून, आरशानं आटे आणि तळ तपासल्याचा कागद असल्याशिवाय तो कुणाचीच टाकी भरत नाही. हा कायदा नाही, डायव्हिंगच्या धंद्यातली जुनी शिस्त आहे. टेस्ट दाब तपासते. मानेतली चीर, आतला ओलावा, खाऱ्या पाण्यानं पडलेले खड्डे बघायला डोळाच लागतो. त्या वेळी माणूस आडमुठा वाटला. फुकट गेलेल्या पेट्रोलचा हिशोब मी घाटभर करत होतो.

परतल्यावर टाकी वाळवून आतून तपासून घेतली. शॉपच्या कॉम्प्रेसरची हवा आत मारायचा मोह झाला होता, पण त्या हवेत तेलाचा वास असतो आणि ती आपल्याच फुप्फुसात जाणार. भरणाऱ्यांकडच्या कॉम्प्रेसरला म्हणूनच ओलावा आणि तेल शोषणारे फिल्टर असतात, आणि हवा ओढणारा पाइप इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवलेला असतो. नव्या ठिकाणी गेलं की मी आता आधी तो पाइप कुठं तोंड करून आहे ते बघतो. दुकानातला चकाचक मास्क नंतर.

सगळ्यात मोठी चूक मात्र आमच्याच गल्लीत होता होता राहिली. पिवळा रंग खरचटला होता. पलीकडच्या पावडर कोटिंगवाल्या मित्रानं सांगितलं, "दे भावा, चकाचक करून देतो, पैसे नकोत." टाकी हातात घेऊन निघालो आणि दारातच थबकलो. त्याची भट्टी १८०–२०० अंशांना चालते. ही टाकी टी६, म्हणजे उष्णतेनं मुरवून कणखर केलेलं अॅल्युमिनियम. पुन्हा त्या तापमानाला नेली की मुरवण बिघडते, टाकी मऊ पडते, आणि बाहेरून ती नव्यापेक्षा देखणी दिसते! रोज टी६ चे पार्ट कातणारा मी, आणि हे सुचायला दारापर्यंत जावं लागलं. रंग अजून खरचटलेलाच आहे.

भराईबद्दल एक. घाईनं भरली की टाकी तापते. काटा दोनशे दाखवतो आणि बोटीत बसेपर्यंत गार होऊन एकशे ऐंशीवर येतो. माझा मालवणचा माणूस हळू भरतो, मध्ये थांबतो, गार झाल्यावर पुन्हा वर चढवतो. रांगेतले लोक वैतागतात. वर्षाचा कागद नसेल तर ओळखीच्यालाही परत पाठवतो. दुसऱ्या एका ठिकाणी माझा शिक्का न बघताच नळी लावायला लागले, तेव्हा मीच टाकी उचलून बाहेर आलो.

घ्यावी का? वर्षातून दोनदा मालवणला जाऊन मासे बघणाऱ्यानं अजिबात घेऊ नये. तिथं टाकीसकट सगळं भाड्यात येतं. आधी स्वतःचा मास्क घ्या, मग जमलं तर रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाला देणारं यंत्र. कोल्हापुरातून टाकी नेणं म्हणजे चौदा किलोचं पोर मागच्या सीटला बांधून घाट उतरणं, आणि वळणावर सुटलं तर काच फोडणार.

आता पावसाळा, समुद्र बंद. टाकीत वीसेक बार हवा ठेवलीय, म्हणजे व्हॉल्व्हमधून दमट हवा आत शिरत नाही. पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवर खडूनं लिहिलीय, गोकुळच्या बिलाच्या हिशोबाखाली. काका येता-जाता टाकीवर टिचकी मारतात आणि विचारतात, "हवा हाय न्हवं अजून?"